समेट आणि आनंद

प्रायश्चित्तकाळाच्या चौथ्या रविवारी धर्मगुरूंना जांभळ्याऐवजी गुलाबी वस्त्रे परिधान करता येतात, वेदीवर फुले ठेवता येतात. उपवासाच्या मध्यावरच हा आनंद कशासाठी, असे भाविक आम्हाला वारंवार विचारतात. 'क' वर्षाच्या वाचनांत त्याचे उत्तर आहे. त्या दिवशी देवाशी समेट करण्याची संत पौलाची करिंथकरांना केलेली विनवणी आपण ऐकतो आणि त्यापाठोपाठ संत लूकच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राचा दाखला.

हा दाखला वाटणीपासून सुरू होतो. आपल्याकडच्या वाचकाला त्याचे गांभीर्य वेगळे सांगायला नको! पिता जिवंत असताना धाकट्याने वाटा मागितला. मोशेच्या नियमशास्त्रानुसार ज्येष्ठ पुत्राला दुप्पट मिळे. म्हणजे धाकट्याचा हिस्सा एक तृतीयांश. तो त्याने परदेशात उधळला. परतताना त्याने मनाशी तीन गोष्टी जुळवल्या: मी पाप केले, पुत्र म्हणवून घ्यायला मी योग्य नाही, मला मजुरांत ठेवा. प्रत्यक्ष भेटीत तिसरी गोष्ट त्याच्या तोंडून निघालीच नाही. धावत आलेल्या पित्याने तोवर झगा, अंगठी आणि पायतण आणण्याची आज्ञा दिली होती.

आपल्यापैकी कितीतरी जण पापनिवेदनाला जातात ते ही तिसरी विनंती घेऊन. दिलेल्या प्रार्थना दंड भरावा तशा म्हणतात, हिशेब चुकता झाला असे मानतात आणि आले तसेच घरी जातात. क्षमा मिळते, पण मेजवानीला बसायचे राहून जाते. याला काही अंशी आम्ही धर्मगुरूही जबाबदार आहोत, हे मान्य केले पाहिजे. पापनिवेदन कक्षात कठोर शब्द ऐकून पुन्हा कधीही न फिरकलेली माणसे आम्हाला ठाऊक आहेत.

ख्रिस्तसभेची शिकवण मात्र स्पष्ट आहे. 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा पापनिवेदन बंधनकारक केले, म्हणून आपण त्याकडे कर्तव्य म्हणून पाहू लागलो. 1973 साली सुधारित प्रायश्चित्त विधी प्रसिद्ध झाला. त्यात देवाशी आणि ख्रिस्तसभेशी होणाऱ्या समेटावर भर आहे, देववचनाच्या वाचनाला स्थान आहे आणि पापक्षमेनंतर देवाचे आभार मानण्याचीही तरतूद आहे. पुढे 1975 चे पवित्र वर्ष नूतनीकरण आणि समेट या विषयाला वाहिलेले होते. त्याच वर्षी 9 मे रोजी पोप सहावे पॉल यांनी ख्रिस्ती आनंदावर एक स्वतंत्र प्रबोधनपत्र लिहिले. समेटाच्या वर्षी आनंदावर पत्र, हा योगायोग नसावा असे आम्हाला वाटते.

आता थोरल्या भावाविषयी. तो शेतातून येतो, घरातले गाणे-बजावणे ऐकतो आणि उंबऱ्याबाहेर थांबतो. 'माझा भाऊ' हा शब्द तो उच्चारत नाही. 'हा तुमचा मुलगा' असे म्हणतो. पिता उत्तर देताना 'हा तुझा भाऊ' अशी आठवण करून देतो. पुढे तो आत गेला की नाही, हे प्रभू येशूने सांगितलेले नाही. बांधावरून किंवा घराच्या हिश्श्यावरून वर्षानुवर्षे न बोलणारे सख्खे भाऊ एकाच मिस्साला वेगवेगळ्या बाकांवर बसलेले आपण पाहतो. दोघेही पास्काच्या सणापूर्वी नियमाने पापनिवेदन करतात. न्यायालयातील दावा एका संध्याकाळी सुटत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु दावा चालू असतानाही आजारी भावाच्या घरी जाता येते.

ज्यांच्या पापनिवेदनात दहा-वीस वर्षांचा खंड पडला आहे, त्यांना शब्द आठवत नाहीत म्हणून संकोच वाटतो. त्यांनी केवळ किती वर्षे झाली एवढेच सांगावे. पुढचे धर्मगुरू विचारतील. कक्षात सांगितलेले काहीही बाहेर न सांगण्याचे बंधन त्यांच्यावर आहे आणि त्याला कोणताही अपवाद नाही. शक्यतो पवित्र आठवड्याच्या गर्दीपूर्वी यावे, म्हणजे निवांत बोलता येईल.