ऊन उतरल्यानंतरचा मेंदू

उष्माघात हा विदर्भाचा आजार, कोकणात तो होत नाही, असे आमच्याकडे अजून ठामपणे बोलले जाते. वेळणेश्वरला समोर समुद्र आहे, माडांची सावली आहे आणि पारा नागपूरइतका चढत नाही, हे खरेच. पण दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग निवत नाही. म्हणून मैदानी भागात ४० अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करणारे हवामान खाते किनाऱ्यावर ३७ अंशांपासूनच तो करते. सरासरीपेक्षा साडेचार अंश वाढ मात्र हवी. त्यात आंबा-काजूचा हंगाम, भाजावळ आणि सड्यावरचा तापलेला कातळ, सगळे एकाच वेळी येते.

शरीराचे आतले तापमान ४० अंशांपलीकडे गेले आणि माणूस बरळू लागला किंवा बेशुद्ध पडला, की तो उष्माघात. त्यात मेंदूचे नेमके काय होते, हे बराच काळ फक्त शवविच्छेदनातून कळत होते. १९४६ साली मालमुद, हेमेकर आणि कस्टर यांनी अमेरिकी सैन्यातल्या १२५ मृत्यूंचा अभ्यास मांडला. सर्वांत मोठी हानी लहान मेंदूतल्या पुरकिंजे पेशींची होती. हालचालींचा तोल सांभाळणाऱ्या याच पेशी. आघातानंतर जो जितका जास्त जगला, त्याच्यात ही हानी तितकी अधिक दिसली. ताप उतरला तरी नाश थांबत नव्हता.

जिवंत माणसाच्या डोक्यात डोकावता आले ते १९७१ नंतर. त्या वर्षी १ ऑक्टोबरला लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात हाउन्सफील्ड या अभियंत्याच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला. उष्माघातात मात्र सीटीने पुष्कळदा चकवले. पहिल्या दिवसांत चित्र स्वच्छ. काही महिन्यांनी पाहावे तर लहान मेंदू आक्रसलेला. पुढे एमआरआय आला. त्यातल्या डिफ्यूजन तपासणीत पेशींना आलेली सूज लवकर उजळून दिसू लागली: लहान मेंदूत, त्याच्या आतल्या दंतुर केंद्रकात, कधी स्मरणाशी जोडलेल्या हिप्पोकॅम्पसमध्ये. यातल्या काही खुणा पुढे पुसल्या जातात, काही राहतात. आणि चित्र निर्दोष असूनही जीभ जड, पाऊल डळमळते असे रुग्ण असतात. त्यामुळे एका चित्रावरून भविष्य सांगू नये, हे मला या साऱ्या प्रवासातले सर्वांत महत्त्वाचे शहाणपण वाटते.

शिकागोत १९९५ च्या लाटेनंतर ५८ गंभीर रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा झाला. घरी जाताना तिघांपैकी एकाला बऱ्यापैकी अपंगत्व होते आणि वर्षानंतरही त्यांच्यात सुधारणा दिसली नाही.

आपल्याकडे १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या महाराष्ट्र भूषण सोहळ्यात उष्माघाताने १४ जण गेले. पारा होता ३८ अंशांच्या आसपास. कोकणातूनही माणसे त्या सोहळ्याला गेली होती. नंतरचे काही दिवस मृतांच्या आकड्यावर आणि आयोजनाच्या दोषांवर वाद झाला, तो व्हायलाच हवा होता. पण उपचार घेऊन घरी परतलेल्यांची चाल, वाचा, स्मरण महिन्याभराने कसे होते, याची काळजी त्या वादात कुठे ऐकू आली नाही. याचे मला आजही वाईट वाटते.

वेळणेश्वरहून शृंगारतळी, मार्गताम्हाने करत चिपळूण गाठेपर्यंतचा वेळ मेंदूला परवडणारा नसतो. म्हणून बेशुद्धाला सावलीत घेऊन, कपडे सैल करून, विहिरीचे गार पाणी अंगभर ओतत वारा घालायचा आणि मगच गाडीत, तेही वाटेत ओले फडके बदलत. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात कोकम सरबत घालायचे नाही. एमआरआयची घाई त्यानंतरची. पक्षाघात किंवा मेंदूज्वर नाही ना, हे पाहायला तो तेव्हा लागतो. दुसऱ्यांदा, दोन-तीन महिन्यांनी, त्याची गरज असते ती वाचलेल्याचे पाऊल अजून अडखळत असेल तर, आणि तेव्हा बहुतेक घरांत आजार संपला असेच धरलेले असते.