गुळवेलीच्या मागे एक दिवस

पहाटे 5.30. मे महिन्यात कर्जतच्या डोंगरपट्ट्यात काम करायचं तर ऊन चढायच्या आत उरकावं लागतं. कशेळ्यावरून कोथळीगडाच्या पायथ्याकडे निघालो की करवंदीच्या जाळ्या पिकलेल्या दिसतात, कुड्याची पांढरी फुलं दिसतात आणि गुळवेलीवर मात्र एक पान नसतं. नुसते दोर झाडांवरून लोंबत असतात. पावसाळ्यात बदामासारख्या पानावरून जी वेल शाळेतलं पोरही ओळखेल, ती आता ओळखायला जाणकार लागतो. म्हणून मी वैद्य असले तरी रानात पुढे मी नसते, काकी असतात. काकी कातकरी. घरची माणसं वीटभट्टीवरून नुकतीच परतली आहेत, पाऊस लागेपर्यंत रानातली ही वेचणी हीच त्यांची मजुरी.

काकी वेलीवर नख ओढतात. कागदासारखी पातळ साल सुटते, आत हिरवं लागतं. कोयत्याने तुकडा पाडला की छेदावर बैलगाडीच्या चाकासारख्या आऱ्या दिसतात. मग तुकडा चावून बघायचा, कडू हवा. एवढं सगळं जुळूनही आज एका वेलीला त्यांनी हात लावू दिला नाही. "ही नको, ताई. पावसात हिच्या पानाला खालून लव व्हती." टिनोस्पोरा सायनेन्सिस नावाची गुळवेलीची बहीण आहे, तिच्या पानाखाली अशी लव असते आणि बिनपानांची ती सहज फसवते. ती वेल कुठे आहे हे काकींनी गेल्या पावसाळ्यापासून लक्षात ठेवलं होतं. कुठल्याही प्रयोगशाळेत गुळवेलीवर जे काम होतं, त्याची पहिली पायरी ही आहे, आणि ही पायरी चुकली तर पुढचं सगळं वाया जातं.

अंगठ्याएवढ्या जाडीचं तेवढं कापतो. मूळ आणि मुख्य खोड ठेवतो. गुळवेल चिवट असते. मधूनच तोडली तरी वरचा भाग झाडावर जिवंत राहतो आणि जमिनीकडे हवेतली मुळं सोडतो. अमृता हे तिचं जुनं नाव तिने असं कमावलं आहे. पण मुळासकट उपटली तर तीही संपते, आणि व्यापाऱ्याने किलोवर भाव लावला की उपटणारेही निघतात.

सकाळी 9. शेडमध्ये धुणं, तुकडे करणं, सावलीत पसरणं. या तालुक्यात अशा कामाची ओळख नवी नाही. कशेळ्याच्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सने धान्य बँका आणि भाताच्या देशी वाणांबरोबर इथल्या औषधी वनस्पतींवरही काम केलं आहे.

11 वाजता सत्त्वाचं काम. ताजे तुकडे ठेचून थंड पाण्यात कुस्करायचे, भिजू द्यायचे, गाळायचे. तळाशी पांढरा साका बसतो, वरचं पाणी काढून तो वाळवायचा. पलीकडे चुलीवर काढा उकळतो. वेल एकच, पण भांड्यात उतरतं ते वेगळं. सत्त्वात मुख्यतः पिष्ट येतं. काढ्यात पाण्यात विरघळणाऱ्या लांब साखळीच्या शर्करा येतात, काही कडू द्रव्यंही येतात. मद्यार्कात काढलेला अर्क घेतला तर त्यात पामॅटिनसारखी अल्कलॉइडं आणि कडू द्रव्यं जास्त. तेव्हा ‘गुळवेल पेशीवर काय करते’ असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, ती कशात काढली होती?

या प्रश्नावर चीनमध्ये नोबेल मिळालं आहे. 1967 साली तिथे मलेरियावर औषध शोधण्याचा सरकारी प्रकल्प सुरू झाला. तू यूयू यांच्या गटाने छिंगहाव ही वनस्पती घेतली, आपल्या दवण्याच्या गोत्रातली. अर्क कधी लागू पडे, कधी नाही. चौथ्या शतकातल्या गे होंग या वैद्याच्या ग्रंथात ती पाण्यात भिजवून पिळून रस प्यायला सांगितला होता, उकळायला नव्हे. उष्णतेने गुण जात असावा हे त्यावरून तू यूयूंनी ताडलं, आणि 1971 मध्ये कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरमध्ये अर्क काढला. त्यातून आर्टेमिसिनिन मिळालं. त्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एक नाजूक दुवा असतो. मलेरियाचा जंतू तांबड्या पेशीत बसून हिमोग्लोबिन खातो, त्यातून सुटलेल्या लोहाशी गाठ पडताच हा दुवा तुटतो आणि तयार झालेले तीव्र कण जंतूचीच प्रथिनं जाळतात. 2015 चं नोबेल तू यूयूंना त्यासाठी मिळालं.

दुपारी 2. जेवण, थोडी पाठ टेकणं.

3 च्या सुमारास कर्जतहून खोपोलीची लोकल. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी. या प्रवासात माझं वाचन होतं. परळच्या केईएममध्ये डॉ. शरदिनी डहाणूकर आणि डॉ. निर्मला रेगे यांनी गुळवेलीवर जे काम केलं ते मी पुन्हा पुन्हा वाचते. पित्तमार्ग अडून कावीळ झालेल्या 30 रुग्णांवरचा त्यांचा अभ्यास 1993 साली आला. नेहमीच्या उपचारांबरोबर गुळवेल दिलेल्या गटात रक्तातल्या पांढऱ्या पेशींची जंतू गिळण्याची आणि मारण्याची क्षमता सुधारली, रुग्णही जास्त वाचले. रुग्णसंख्या लहान, पण प्रश्न नेमका विचारलेला. पुढे भाभा अणुसंशोधन केंद्रात गुळवेलीच्या खोडातली जी1-4ए नावाची शर्करा वेगळी केली गेली. जंतूंची चाहूल घेणारा टोल-लाइक रिसेप्टर 4 नावाचा ग्राहक मॅक्रोफेज पेशींवर असतो, ही शर्करा त्याला चिकटते आणि पेशी जागी होते. म्हणजे ही शर्करा स्वतः जंतूला मारत नाही, मारणाऱ्यांना उठवते.

खोपोलीजवळ तांबाटीला टाटा मेमोरियल सेंटरला आयुर्वेदाच्या संशोधनासाठी राज्य सरकारने जमीन दिली आहे. मला त्याची आशा वाटते आणि धास्तीही, कारण मला नरक्याचं झाड आठवतं. नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी आणि मन्रो वॉल यांनी 1966 मध्ये अमेरिकेत शीशू या चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन काढलं. पेशी दुभंगताना डीएनएचा पीळ सोडवायला टोपोआयसोमरेझ हे विकर एक धागा कापून पुन्हा जोडतं. कॅम्प्टोथेसिन त्याला कापल्या अवस्थेतच अडकवून ठेवतं, मग वाढणारी कर्कपेशी मरते. हेच द्रव्य सह्याद्रीतल्या नरक्यात सापडलं, त्याला बाजार मिळाला आणि सिंधुदुर्ग-कोल्हापूरच्या रानांत नरक्यावर चोरून कुऱ्हाड चालली. औषध सापडलं की झाडाचं काय होणार, हे तांबाटीत पहिल्या दिवशी ठरलं पाहिजे, आणि ठरवताना काकींसारखी माणसं समोर बसलेली हवीत. 2006 च्या वन हक्क कायद्याने गौण वनोपजावर त्यांचा हक्क आहेच.

संध्याकाळी 5. खोपोलीचा दवाखाना. एक बाई आल्या, कारखान्यात कामाला. करोनापासून रोज गुळवेलीचा काढा घेतात, भुकटी बाजारातली. थायरॉइडची गोळी चालू. हल्ली भूक नाही, डोळे पिवळसर. मी काढा बंद केला, यकृताच्या तपासणीसाठी चिठ्ठी दिली आणि आज रात्रीच रुग्णालयात दाखवायला सांगितलं. 2021 मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या अशा 6 रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. त्यांनी घेतलेली वनस्पती खरंच गुळवेल होती का, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. आक्षेपात तथ्य आहे, भुकटीत लव दिसत नाही आणि नखाने सालही काढता येत नाही. पण म्हणून खऱ्या गुळवेलीला निर्दोष ठरवून सोडून द्यावं असं मला वाटत नाही. जी वस्तू प्रतिकार करणाऱ्या पेशींना उठवते, ती ज्याच्या पेशी आधीच स्वतःच्या अवयवांवर उठल्या आहेत त्याचं बिघडवू शकते. गुण आणि धोका एकाच क्रियेतून येतात, हे वैद्यांनी मोकळेपणाने सांगायला हवं.

7.30 ची परतीची गाडी.

वाचकांना विनंती आहे. थायरॉइड, संधिवात, सोरायसिस किंवा यकृताचा आजार असेल तर गुळवेल स्वतःच्या मनाने घेऊ नका, कुणीही महिनोन्‌महिने रोज घेऊ नका, आणि घेत असाल तर तुमच्या डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना आधी सांगा.