सूत्रकृमींचे सूक्ष्मजंतूंद्वारे नियंत्रण

वनस्पतींच्या मुळांवर उपजीविका करणाऱ्या सूत्रकृमींची (दोऱ्यासारख्या, खंडरहित शरीराच्या सूक्ष्म कृमींची) संख्या जमिनीतीलच सूक्ष्मजंतूंच्या साहाय्याने मर्यादेत ठेवण्याची पद्धती. ही जैव नियंत्रणाची (एका जीवाकडून दुसऱ्याच्या वाढीस आळा घालण्याची) एक शाखा होय. जमिनीतील अनेक सूत्रकृमी निरुपद्रवी असून त्या सूक्ष्मजंतू व कवके (बुरशीसारखे हरितद्रव्यरहित जीव) यांवर जगतात. पिकांना उपद्रव देणाऱ्या जातींना मात्र सुईसारखे पोकळ मुखांग असते. ते मुळांच्या कोशिकांत खुपसून त्या अन्नरस शोषतात.

नुकसानीचे स्वरूप : मेलॉइडोगायनी प्रजातीतील सूत्रकृमींमुळे वांगे, टोमॅटो, भेंडी, मिरची, डाळिंब इ. पिकांच्या मुळांवर गाठी येतात. संत्रावर्गीय झाडांवर टायलेंक्युलस सेमिपेनेट्रान्स ही जाती आढळते. अमेरिकन शास्त्रज्ञ एन. ए. कॉब यांनी १९१३ मध्ये तिचे वर्णन केले. तिच्या मादीचा पुढील भाग मुळात रुतलेला व मागील भाग बाहेर असतो. मादी चिकट द्रव्यात अंडी घालते व त्यास मातीचे कण चिकटल्याने मुळे धुतल्यावरही मळकट दिसतात. जमिनीवरील लक्षणे मात्र संदिग्ध असतात : पाने लहान व पिवळी होतात, शेंड्याकडून फांद्या वाळतात आणि फळांचा आकार व संख्या घटते. ही लक्षणे पाण्याच्या किंवा खताच्या उणिवेसारखी असल्याने पुष्कळदा शेतकरी खताची मात्रा वाढवतो आणि मूळ कारण तसेच राहते. या रोगास ‘मंद ऱ्हास’ म्हणतात.

विदर्भातील परिस्थिती : नागपूर जिल्ह्यात या प्रश्नाची दोन भिन्न रूपे दिसतात. पारशिवनी, रामटेक व मौदा या तालुक्यांत पेंच प्रकल्पाच्या कालव्यांमुळे भाताची लागवड होते. भाताच्या खाचरात पाणी दीर्घकाळ साचून राहिल्यास मुळांवर गाठी करणाऱ्या मे. इन्कॉग्निटा या जातीची संख्या बरीच घटते. त्यामुळे भाजीपाल्यानंतर भात असा फेरपालट करणे हाच तेथे एक स्वस्त उपाय ठरतो. काटोल व नरखेड भागांतील संत्र्याच्या बागांत ही सोय नाही. एकदा लावलेले झाड अनेक वर्षे त्याच जागी उभे असते, मुळांजवळ सूत्रकृमींच्या पिढ्यांमागून पिढ्या वाढत जातात आणि पीक बदलता येत नाही. शिवाय संत्र्याच्या कलमांसाठी प्रचारात असलेला जंबेरी हा खुंट या सूत्रकृमीस बळी पडतो. म्हणूनच जमिनीत टिकून राहणाऱ्या जैव उपायाचे महत्त्व बहुवर्षायू फळबागांत सर्वाधिक आहे.

रासायनिक उपायांच्या मर्यादा : डायब्रोमोक्लोरोप्रोपेन हे धुरीकारक द्रव्य एके काळी अनेक देशांत फळबागांत वापरीत. त्याच्या कारखान्यातील पुरुष कामगारांत वंध्यत्व येते, असे १९७७ मध्ये अमेरिकेत आढळले व १९७९ मध्ये तेथे त्याचा बहुतेक वापर थांबविण्यात आला. मिथिल ब्रोमाइड हे ओझोन थरास घातक असल्याने माँट्रिऑल करारान्वये त्याचा वापर टप्प्याटप्प्याने बंद झाला. भारतात २०२३ मध्ये कार्बोफ्यूरानच्या ३ टक्के वेष्टित दाण्यांव्यतिरिक्त अन्य सर्व प्रकारांवर बंदी घालण्यात आली. अशा रीतीने परिणामकारक परंतु विषारी द्रव्ये मागे पडत गेल्याने सूक्ष्मजंतूंच्या अभ्यासास चालना मिळाली.

उपयुक्त सूक्ष्मजंतू : (१) पाश्चुरिया पेनिट्रान्स : हा सूत्रकृमींवरील खरा जीवोपजीवी होय. १९४० मध्ये थॉर्न यांनी त्याची गणना आदिजीवांत केली होती. तो सूक्ष्मजंतू असल्याचे १९७५ मध्ये मॅंकाऊ यांनी दाखविले आणि सध्याचे नाव १९८५ मध्ये सेअर व स्टार यांनी रूढ केले. त्याची बशीच्या आकाराची बीजुके जमिनीत निष्क्रिय पडून असतात. मुळांच्या शोधात फिरणाऱ्या सूत्रकृमीच्या डिंभाचा (अंड्यातून बाहेर पडलेल्या क्रियाशील पूर्व अवस्थेचा) स्पर्श होताच ती त्याच्या उपत्वचेस घट्ट चिकटतात. डिंभ मुळात शिरून अन्न घेऊ लागल्यावर बीजुकातून अंकुरनलिका निघून शरीरात प्रवेश करते. मादी जगते, परंतु तिला अंडी फारशी घालता येत नाहीत. अखेर तिचे शरीर बीजुकांनी भरून जाते व ते कुजल्यावर सु. २० लक्षांपर्यंत बीजुके जमिनीत मिसळतात. ती कोरड्या जमिनीतही वर्षानुवर्षे जिवंत राहतात. सु. ३०° से. तापमानास या सूक्ष्मजंतूची वाढ जलद होते.

(२) बॅसिलस : या प्रजातीतील बॅ. फर्मस ही जाती मुळांभोवती वाढून सूत्रकृमींच्या अंड्यांवर व डिंभांवर परिणाम करते. बॅ. थुरिंजिएन्सिसचे काही वाण सूत्रकृमींच्या आतड्यास इजा करणारी स्फटिकरूप प्रथिने तयार करतात.

(३) स्यूडोमोनस फ्ल्युओरेसेन्स : हा मुळांच्या पृष्ठभागावर वस्ती करतो. त्याचे काही वाण हायड्रोजन सायनाइड व अन्य विषारी संयुगे निर्माण करतात आणि काही वनस्पतीची स्वतःची प्रतिकारशक्ती जागृत करतात.

(४) स्ट्रेप्टोमायसीस ॲव्हर्मिटिलिस : जपानमधील मातीतून सातोशी ओमुरा यांनी वेगळ्या केलेल्या या सूक्ष्मजंतूपासून ॲव्हर्मेक्टिने मिळाली. माणसांतील व जनावरांतील कृमिरोगांवर ती प्रभावी ठरली. या कार्याबद्दल ओमुरा व विल्यम कॅम्बेल यांना २०१५ च्या वैद्यकाच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला. त्यांपैकी ॲबामेक्टिन हे वनस्पतींवरील सूत्रकृमींविरुद्धही वापरतात. मात्र ते मातीच्या कणांना चिकटून राहत असल्याने जमिनीत फार दूर पसरत नाही.

अडचणी : पाश्चुरियाचे वाण अतिशय निवडक असतात. एका जातीच्या सूत्रकृमीस चिकटणारी बीजुके दुसरीस, किंबहुना त्याच जातीच्या दुसऱ्या ठिकाणच्या वाणासही चिकटतीलच असे नाही. यामुळे तो इतर जीवांना निर्धोक ठरतो, पण एकच पूड सर्वत्र उपयोगी पडत नाही. सूत्रकृमीविना त्याची कृत्रिम वाढ करणेही दीर्घकाळ जमले नव्हते. एकविसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत त्यात यश आल्यावर सोयाबीनवरील पुटीकारी सूत्रकृमीसाठी पा. निशिझावी याचे बीजप्रक्रियेचे उत्पादन बाजारात आले. स्यूडोमोनसला अंतर्बीजुके नसल्याने त्याच्या पुडीतील सूक्ष्मजंतू उष्णतेने लवकर मरतात. विदर्भातील उन्हाळ्यात ४५° से. च्या आसपास तापमानात ती पत्र्याच्या गोदामात राहिल्यास निरुपयोगी होण्याचा संभव असतो. बॅसिलसची बीजुके या बाबतीत अधिक टिकाऊ आहेत. हलक्या वालुकामय जमिनीत बीजुके पाण्याबरोबर खाली वाहून जातात.

उपयोगाची दिशा : सूक्ष्मजंतूंमुळे सूत्रकृमींचा समूळ नाश होत नाही, त्यांची संख्या पीक सहन करील इतकी खाली आणणे एवढेच शक्य असते. यास वेळही लागतो. दक्षिण ऑस्ट्रेलियातील जुन्या द्राक्षमळ्यांत पाश्चुरिया नव्या मळ्यांपेक्षा अधिक प्रमाणात आढळला, म्हणजे हे संतुलन जमिनीत हळूहळू निर्माण होते. त्यामुळे सूक्ष्मजंतूंची पूड चांगल्या कुजलेल्या शेणखतात किंवा निंबोळी पेंडीत मिसळून ओलसर जमिनीत मुळांजवळ देणे इष्ट ठरते. प्रादुर्भाव बहुधा रोपवाटिकेतील कलमांबरोबर बागेत येतो व एकदा आल्यावर तो पूर्णपणे घालविता येत नाही. नागपूर येथील केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेने रोगमुक्त कलमांवर भर दिला आहे, तो या दृष्टीने महत्त्वाचा आहे. निर्जंतुक मातीत वाढविलेल्या स्वच्छ कलमांच्या मुळांवर लागवडीपूर्वीच उपयुक्त सूक्ष्मजंतूंची वस्ती झाल्यास सूत्रकृमींना शिरकाव करणे कठीण जाते. जुन्या, खंगलेल्या बागेत तेच सूक्ष्मजंतू घातल्यास लाभ मर्यादितच होतो.