छेददर्शी विमानप्रतिकृती

छेददर्शी विमानप्रतिकृती म्हणजे विमानाची लहान प्रमाणातील अशी स्थिर प्रतिकृती, जिच्या बाह्य आवरणाचा काही भाग मुद्दाम काढलेला असतो आणि त्यातून आतील सांगाडा, इंजिन, हवेचे मार्ग, इंधनटाक्या व इतर यंत्रणा दिसतात. हौशी प्रतिकृतिकारांमध्ये तिच्यासाठी ‘कटअवे’ हाच शब्द रूढ आहे. बाजारात मिळणारे तयार किट न वापरता प्लास्टिकचा पत्रा, लाकूड, तार, धातूच्या नळ्या अशा कच्च्या साहित्यातून ती घडवली, तर तिला ‘स्क्रॅचबिल्ट’ प्रतिकृती म्हणतात. लष्करी जेट विमान हा या प्रकारातील विशेष कठीण विषय मानला जातो. त्याच्या धडात रिकामी जागा जवळजवळ नसते आणि आतील रचनेची माहिती सहजासहजी मिळत नाही.

पार्श्वभूमी

या प्रतिकृतींच्या आधी छेदचित्रे आली. ब्रिटनमधील ‘फ्लाइट’ या साप्ताहिकाने विमानांची आतील रचना दाखवणारी तपशीलवार चित्रे दीर्घकाळ छापली. मॅक्स मिलर हे त्या परंपरेतील प्रसिद्ध चित्रकार होत. १९५० मध्ये सुरू झालेल्या ‘ईगल’ या मुलांच्या ब्रिटिश साप्ताहिकात मधल्या पानांवर यंत्रांची छेदचित्रे येत आणि त्यातून एका पिढीला यंत्राच्या आत डोकावण्याची सवय लागली. पुढे माइक बॅड्रॉक यांची लढाऊ विमानांची छेदचित्रे प्रतिकृतिकारांच्या नेहमीच्या वापरात आली. चित्रात मात्र एक सोय असते : नको असलेली वस्तू चित्रकार अर्धवट पुसू शकतो किंवा पारदर्शक दाखवू शकतो. प्रतिकृतीत प्रत्येक वस्तूला आधार लागतो आणि ती मागूनही दिसते.

उदाहरण : मिग-२१

या कामातील अडचणी मिग-२१ या सोव्हिएत बनावटीच्या लढाऊ विमानाच्या उदाहरणावरून चांगल्या समजतात. भारतीय हवाई दलात हे विमान १९६३ मध्ये दाखल झाले आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे निवृत्त झाले. हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेडच्या नाशिकजवळील ओझर येथील कारखान्यात त्याचे एफएल, एम आणि बिस हे प्रकार तयार झाले. इंजिने ओडिशातील कोरापूट येथे बनत.

प्रथम प्रकार निश्चित करावा लागतो, कारण बाहेरून सारखी दिसणारी ही विमाने आतून वेगळी आहेत. एम आणि बिस यांच्या पोटात २३ मिमी व्यासाची दुनळी तोफ बसवलेली आहे. एफएलमध्ये अंतर्गत तोफच नाही. एफएलचे कॉकपिटवरील झाकण पुढच्या बाजूला बिजागरी असून वर उघडते, तर एम आणि बिसचे उजवीकडे उघडते. एफएलचे पोट उघडून आत तोफ दाखवणे ही या विषयातील ठळक चूक ठरते.

छेद कोठे घ्यावा

विमान नाकापासून शेपटीपर्यंत मधोमध उभे कापावे, ही पहिली कल्पना कोणालाही सुचते. मिग-२१ च्या बाबतीत ती फसते. या विमानात हवा नाकातून आत येते, कॉकपिटच्या दोन्ही बाजूंनी दोन मार्गांत विभागून जाते आणि मागे इंजिनाच्या तोंडाशी पुन्हा एकत्र होते. मधोमध छेद घेतल्यास वैमानिकाची बैठक दिसते, पण हवेचा मार्ग कॉकपिटपाशी अदृश्य होतो. म्हणून छेद पायऱ्यापायऱ्यांनी घ्यावा लागतो : नाकाशी मध्यरेषेवर, कॉकपिटपाशी केवळ डाव्या मार्गाची बाहेरची भिंत काढून, आणि इंजिनापाशी आवरणाचा पाव भाग उघडून.

असा छेद नीट साधला की विमानाच्या गुणदोषांची कारणेही दिसू लागतात. नाकाच्या छिद्रात पुढेमागे सरकणारा शंकू आहे आणि रडार त्या शंकूतच बसवलेले आहे. त्यामुळे रडारच्या अँटेनाचा व्यास शंकूपेक्षा मोठा होऊ शकला नाही. मुख्य चाके घडी होताना फिरून धडाच्या बाजूंत उभी बसतात आणि तेथील जागा खातात. हवेचे मार्ग, चाके आणि इंजिन यांतून उरलेल्या जागेत इंधन मावेल तेवढेच. मिग-२१ चा पल्ला कमी का, हे वाचून कळते. प्रतिकृतीत ते डोळ्यांना दिसते.

जाडीचा प्रश्न

मिग-२१ च्या पंखांची रुंदी ७.१५ मीटर आहे. १:७२ प्रमाणात ती सुमारे ९.९ सेंमी, १:४८ मध्ये १४.९ सेंमी आणि १:३२ मध्ये २२.३ सेंमी भरते. आर-११ इंजिनाचा व्यास सुमारे ०.९ मीटर असल्याने १:४८ मध्ये ते जेमतेम १९ मिमी जाडीचे होते.

लांबी-रुंदी लहान करता येते. पत्र्याची जाडी त्या प्रमाणात लहान करता येत नाही. विमानाचा पत्रा बहुतेक ठिकाणी एक-दोन मिलिमीटर जाड असतो. पॉलिस्टायरीनचा ०.२५ मिमीचा पातळ पत्रा १:४८ प्रमाणात १२ मिमी जाडीचा ठरतो, म्हणजे लढाऊ विमान चिलखती वाहनासारखे दिसू लागते. बंद प्रतिकृतीत ही जाडी लपते, छेददर्शी प्रतिकृतीत मात्र प्रत्येक कडा उघडी असते. त्यावर दोन उपाय आहेत. कडा आतल्या बाजूने तिरपी घासून धारेसारखी करता येते. किंवा त्या भागात ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ पत्रा वापरता येतो. घरगुती फॉइल तर १:४८ मध्ये एक मिलिमीटरहूनही कमी जाडीची ठरते, पण ती सहज चुरगळते आणि तिला आतून आधार द्यावा लागतो.

बांधणी

बांधणी आतून बाहेर होते. धडाच्या आडव्या चौकटी साधारण १ मिमी जाडीच्या पॉलिस्टायरीनमधून कापतात. डावी-उजवी बाजू तंतोतंत जुळावी म्हणून आराखडा मध्यरेषेवर दुमडून दोन्ही बाजू एकदम कापण्याची रीत आहे. चौकटी ठरलेल्या अंतरावर सरळ उभ्या राहाव्यात यासाठी तात्पुरता साचा करतात. येथे एखाद्या अंशाची चूक राहिली तर ती शेपटीपाशी मोठी होऊन दिसते. हवेच्या वळणदार मार्गांसाठी आधी लाकडाचा ठोकळा घडवतात आणि उष्णतेने मऊ केलेला पत्रा त्यावर दाबतात. ठोकळा पत्र्याच्या जाडीइतका लहान ठेवायला विसरल्यास तयार नळी चौकटीत बसत नाही.

इंजिनाला सर्वांत जास्त वेळ लागतो. आर-११ मध्ये कॉम्प्रेसरचे सहा टप्पे, दहा ज्वलननलिका आणि टर्बाइनचे दोन टप्पे आहेत. दहा नलिका वर्तुळात ३६ अंशांच्या अंतराने असल्याने पाव भाग उघडल्यावर दोन किंवा तीनच दिसतात. बाकीच्या करण्याची गरज नसते. कॉम्प्रेसरच्या पात्यांसाठी पातळ पितळी चकतीला अरीय चिरा देऊन प्रत्येक पाते चिमट्याने किंचित पिळतात. इंधनाच्या आणि तेलाच्या नळ्यांसाठी तांब्याची किंवा डाखाची तार चालते.

पॉलिस्टायरीन जोडणारी द्रावणे प्लास्टिक विरघळवून सांधतात. त्यांपैकी डायक्लोरोमिथेनची वाफ आरोग्यास घातक असल्याने काम हवेशीर जागेत करणे आवश्यक असते.

रंगकामात कापलेल्या कडा बहुधा लाल रंगवतात. शैक्षणिक इंजिनांच्या छेदांतही हाच संकेत आढळतो आणि त्यामुळे खरी कडा व कापलेली कडा यांत गोंधळ होत नाही. आतील भाग बसवण्यापूर्वीच रंगवावे लागतात. नंतर तेथे ब्रश पोहोचत नाही.

माहिती आणि अंदाज

संग्रहालयांतील विमाने, देखभालीच्या जुन्या पुस्तिका आणि कारखान्यांतील प्रसिद्ध झालेली छायाचित्रे हे माहितीचे मुख्य स्रोत आहेत. हवाई तळांवर छायाचित्रणास मनाई असते आणि निषिद्ध स्थळांबाबत १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम लागू होतो. सेवेत असलेल्या विमानाची छेददर्शी प्रतिकृती त्यामुळे बहुतांशी तर्कावर उभी राहते. आवरण कोठे शाबूत ठेवायचे, या निर्णयामागे अनेकदा सौंदर्यदृष्टीपेक्षा त्या जागी काय आहे हे माहीत नसणे हे कारण असते, आणि त्यात गैर काही नाही. न पाहिलेली यंत्रणा कल्पनेने भरून ती खरी म्हणून मांडणे मात्र पाहणाऱ्या विद्यार्थ्याची दिशाभूल करते. काही प्रतिकृतिकार असे अंदाजाने केलेले भाग सोबतच्या पाटीवर स्पष्टपणे नोंदवतात.

त्रिमितीय छपाई

अलीकडे संगणकावर आराखडा करून भाग छापून घेण्याची पद्धत वाढली आहे. दुसऱ्याने केलेला आराखडा छापून जोडलेली प्रतिकृती स्क्रॅचबिल्ट मानावी की नाही, यावर हौशी मंडळींत मतभेद आहेत. स्वतः मापे घेऊन केलेला आराखडा बहुतेकांना मान्य असतो. छपाईमुळे पाती आणि फासळ्या एकसारख्या निघतात, परंतु भिंतींच्या जाडीचा प्रश्न तेथेही सुटत नाही. अतिपातळ भिंत छापताना वाकते, म्हणून उघड्या कडांसाठी अनेक जण आजही धातूचा पत्राच वापरतात.