राजाश्रयातील चित्रकार : अलेक्सांद्र देइनेका

संस्थानी काळ पाहिलेल्या घराण्यांना राजाश्रय म्हणजे काय, हे समजावून सांगण्याची गरज नाही. बडोद्याच्या महाराजांच्या इच्छेवरून रविवर्म्याने पौराणिक चित्रे काढली, हे आपल्याला ठाऊक आहेच. पण आश्रय देणारा राजा नसून साऱ्या देशावर एकहाती सत्ता चालवणारा पक्ष असेल, आणि दुसऱ्या दारी जाण्याची सोयच नसेल, तर चित्रकाराजवळ स्वतःचे असे काय उरते? सोव्हिएत चित्रकार अलेक्सांद्र देइनेका याचे चरित्र या प्रश्नासाठी पाहण्यासारखे आहे.

त्याचा जन्म १८९९ साली कुर्स्क येथे, एका रेल्वे कामगाराच्या घरी झाला. खारकोव्ह आणि नंतर मॉस्को येथे त्याने चित्रकलेचे शिक्षण घेतले. उमेदवारीच्या काळातच तो मासिकांसाठी चित्रे काढू लागला. थोडक्या आकृत्या, मोकळी पार्श्वभूमी आणि दुरूनही कळेल अशी मांडणी ही त्याची खूण बनली. १९२८ चे ‘पेत्रोग्राडचे संरक्षण’ हे चित्र घ्या. खालच्या बाजूला बंदुका घेतलेले कामगार रांगेने आघाडीवर निघाले आहेत. वरच्या लोखंडी पुलावरून जखमी माणसे उलट दिशेने परतत आहेत. चित्र लाल सेनेच्या गौरवासाठी होते. पण त्या गौरवाची किंमतही त्याच चौकटीत दिसते.

१९३२ मध्ये पक्षाने कलावंतांचे सर्व स्वतंत्र गट बरखास्त केले. १९३४ मध्ये समाजवादी वास्तववाद हे अधिकृत धोरण ठरले. आयुष्य आज कसे आहे एवढेच न दाखवता, क्रांतीच्या वाटेने ते कुठे चालले आहे हे सर्वांना कळेल अशा रीतीने दाखवावे, असा त्याचा आशय. मांडणीचे नवे प्रयोग करणाऱ्यावर ‘रूपवादी’ असा शिक्का बसे, आणि तो महागात पडे.

१९३८ हे देइनेकाच्या कीर्तीचे वर्ष. मॉस्कोच्या भुयारी रेल्वेतील मायकोव्हस्काया स्थानकाच्या छतासाठी त्याने सोव्हिएत भूमीच्या एका दिवसरात्रीची कल्पना रंगवली आणि लेनिनग्राडचे कारागीर व्लादिमीर फ्रोलोव्ह यांच्या कार्यशाळेने ती काचेच्या तुकड्यांत उतरवली. जमिनीखाली उभ्या असलेल्या प्रवाशाने मान वर करावी आणि त्याला आकाश दिसावे, अशी ती योजना होती. त्या आकाशात विमाने आहेत, हवाई छत्रीने उतरणारी माणसे आहेत, फळांनी लगडलेल्या फांद्या आहेत. त्याच वर्षी फेब्रुवारीत गुस्ताव क्लुत्सिस या कलावंताला गोळी घालण्यात आली. ‘ऑक्टोबर’ या गटात तो एकेकाळी देइनेकाबरोबर होता. त्या मृत्यूची सावली छतावर कोठेही नाही. वाचकहो, ते आकाश सुंदर आहे आणि अपुरेही आहे. दोन्ही गोष्टी आपण लक्षात ठेवल्या पाहिजेत.

युद्ध आले तेव्हा चित्र बदलले. ‘मॉस्कोची वेस, नोव्हेंबर १९४१’ यात जवळजवळ निर्मनुष्य रस्ता आणि वेगाने जाणारा एक मालट्रक एवढेच दिसते. १९४२ च्या ‘सेवास्तोपोलचे संरक्षण’ यात पांढऱ्या गणवेशातले खलाशी जळत्या शहरापुढे झुंजत आहेत. ते शहर त्याच वर्षी जुलैत शत्रूच्या हाती पडले. फ्रोलोव्हही १९४२ मध्येच वेढलेल्या लेनिनग्राडमध्ये वारले. अखेरच्या महिन्यांतही ते देइनेकाच्या रेखाटनांवरूनच काम करत होते.

युद्धानंतर देइनेकावरही रूपवादाचा आरोप आला आणि १९४८ मध्ये मॉस्कोतील उपयोजित कला संस्थेचे संचालकपद गेले. पुढे वारे फिरले. १९६४ मध्ये लेनिन पारितोषिक मिळाले. १९६९ मध्ये त्याचे निधन झाले.

त्याला बंडखोर ठरवणे खोटे होईल, आणि केवळ सरकारी चित्रकार म्हणून बाजूला सारणेही अन्यायाचे. विषय त्याला वरून मिळाले. कोठे उभे राहून पाहायचे, हे पुष्कळदा त्याने स्वतः ठरवले. आश्रयाखाली घडलेल्या कोणत्याही कलाकृतीपुढे, मग ती मॉस्कोतील असो की आपल्या गावच्या जुन्या वाड्यातील, तीन गोष्टी विचाराव्यात : काय सांगितले गेले होते, कलावंताने त्यात आपले काय घातले, आणि काय वगळावे लागले. देइनेकाच्या बाबतीत तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत जड आहे.