नळाचे पाणी आणि वरचे ओढे

मीरा-भाईंदरच्या उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र आणि खाडीकाठी मिठागरे. एवढ्या जलविस्तारात पिण्याजोगे पाणी थोडेच. तेथील नळांच्या पाण्यापैकी मोठा भाग दूरवर उल्हास नदीतून उचलला जातो. त्यात बारवी धरणातून सोडलेले पाणीही असते. म्हणून मुरबाड वा बदलापूरकडील ओढ्यात पडलेली घाण ही केवळ त्या गावापुरती बाब राहत नाही.

ज्या भूभागावरील पाऊस वाहत जाऊन एकाच प्रवाहास मिळतो, तो सर्व त्या प्रवाहाचा पाणलोट होय. धरणाच्या भिंतीवर पहारा बसविता येतो. पाणलोटावर येत नाही. सांडपाण्यातील व शेतातून वाहून आलेल्या खतांतील नत्र व स्फुरद यांवर जलपर्णी फोफावते. मोहने येथे ती उल्हासच्या पात्रात हिरव्या गालिच्यासारखी पसरते आणि पाहणाऱ्यास नदी मोठी रम्य वाटते. फसगत होते ती येथेच. तिच्याखाली प्रकाश पोचत नाही, व ती कुजू लागली की पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो. क्लोरीनने बहुतेक रोगजंतू मरतात. कारखान्यांची रसायने व कीटकनाशके त्याने नाहीशी होत नाहीत.

याउलट मुंबईचे विहार (१८६०) व तुळशी (१८७९) हे तलाव आज राष्ट्रीय उद्यानाच्या वनात सुरक्षित आहेत.

शिक्षकांनी मुलांस गावच्या ओढ्यावर न्यावे. तो पुढे कोणत्या नदीस मिळतो हे नकाशावर शोधवावे. गुरे कोठे धुतात, औषधफवारणीचे डबे कोठे विसळतात, याच्या खुणा मुलांकडूनच करवून घ्याव्यात आणि तो नकाशा ग्रामसभेपुढे ठेवावा.