आइसलँडच्या दारातल्या दोन चाचण्या
आइसलँडमध्ये कोरोनाचा पहिला रुग्ण २८ फेब्रुवारी २०२० रोजी सापडला. बेटावर येणारे बहुतेक परदेशी प्रवासी केफ्लाविक विमानतळावरच उतरतात, त्यामुळे पाळत ठेवणे तुलनेने सोपे होते. १५ जून २०२० पासून पाहुण्यांपुढे दोन पर्याय ठेवले गेले: चौदा दिवस विलगीकरण किंवा विमानतळावर नाका-घशातला नमुना देणे. अर्थातच बहुतेकांनी चाचणी पसंत केली.

पण एका चाचणीत गोम होती. दोन दिवसांपूर्वी लागण झालेल्या माणसाच्या नमुन्यात विषाणू सापडेलच असे नाही. तो ‘निगेटिव्ह’ ठरून गावभर फिरायला मोकळा. म्हणून १९ ऑगस्टपासून दुहेरी चाचणी आली. पहिला नमुना उतरताच, मग पाच-सहा दिवस विलगीकरण आणि त्यानंतर दुसरा नमुना. आठवडाभराच्या सहलीसाठी आलेल्याचे बहुतेक दिवस खोलीतच जाणार, म्हणजे नियमाने पर्यटन जवळपास बंदच पाडले. जानेवारी २०२१ मध्ये चाचणीऐवजी चौदा दिवस विलगीकरणात राहण्याची पळवाटही बुजवली.

एप्रिलमध्ये धोकादायक भागांतून येणाऱ्यांना सरकारी विलगीकरण हॉटेलात राहण्याची सक्ती झाली. रेक्याविकच्या न्यायालयाने मात्र तिला कायद्याचा आधार नसल्याचे सांगितले. त्याच महिन्यात युरोपबाहेरच्या लसवंतांना दार उघडले. पुढे पुण्यात बनलेली कोविशील्ड लसही तिथे ग्राह्य धरली गेली. १ जुलैला लसवंतांची चाचणी थांबली, पण विषाणूच्या डेल्टा प्रकारामुळे महिनाअखेर त्यांच्याकडूनही निगेटिव्ह अहवाल मागितला जाऊ लागला. सगळे निर्बंध उठले ते २५ फेब्रुवारी २०२२ रोजी.